शीड ओढू की शीट?

निघायच्या आदल्या दिवशी

मी शब्द पाठ करून गेले होते. खरंच, वहीत लिहून. पोर्ट म्हणजे डावं, स्टारबोर्ड म्हणजे उजवं, हॅलयार्ड नावाच्या दोरीने शीड वर चढवायचं, शीट नावाच्या दोरीने ते आत घ्यायचं नाहीतर बाहेर सोडायचं, बूम म्हणजे मोठ्या शिडाच्या तळाचा आडवा दांडा जो लक्ष नसलं की डोक्यात बसतो, वगैरे वगैरे. आणि बोटीवर पाय ठेवून दहा मिनिटं झाली नाहीत तोच स्किपर म्हणाले की ती मेनशीट जरा ओढ आणि मी सरळ जाऊन मेनसेलच्या, म्हणजे मोठ्या शिडाच्या, कापडाला हात घातला. मराठी डोक्यात शीट ऐकलं की शीडच येतं, एका अक्षराचा फरक, त्याला मी काय करू! मैत्रीण हसून हसून कॉकपिटमध्ये (सुकाणूजवळची बसायची उघडी जागा) आडवी.

ट्रिप तिचीच आयडिया. तिने आधी दोन लांबच्या पॅसेज केल्यात, मी फक्त दिवसाच्या आत परत येणारं सेलिंग केलेलं. ग्रान कनारिया बेटावरच्या लास पाल्मासहून केप व्हर्दे बेटांवरच्या मिंडेलोला, सरळ धरलं तर साधारण ८६० सागरी मैल, वाटेत काहीही नाही. नोव्हेंबरचा शेवट, म्हणजे ईशान्येकडून येणारे ट्रेड विंड पाठीशी. कोलंबस १४९२ च्या सप्टेंबरमध्ये याच कॅनरी बेटांतल्या ला गोमेराहून निघाला तो याच वाऱ्याच्या भरवशावर, म्हणजे रस्ता जुनाच आहे, आपण काही मोठं शौर्य करत नाहीयोत. बोट १२ मीटरची स्लूप, एक डोलकाठी, पुढे एक शीड मागे एक शीड. माणसं चार: स्किपर, त्यांचा मेट म्हणजे मदतनीस, मैत्रीण आणि मी. स्किपर साठी ओलांडलेले, बोलायचे इंग्लिशमध्ये, मी इथे मराठीत लिहितेय.

संध्याकाळी दोन तास ब्रीफिंग. लाइफराफ्ट कुठे, ईपर्ब कुठे (बटण दाबलं की ४०६ मेगाहर्ट्झवर सॅटेलाइटला संकटाची हाक जाते), गॅसचा कॉक प्रत्येक वेळी बंद करायचा, बोटीच्या तळाला जेवढी भोकं आहेत तेवढे सीकॉक आहेत आणि प्रत्येकाशेजारी एक लाकडी गुडदी बांधून ठेवलीय, कॉक तुटला तर ती ठोकायची. टॉयलेटला हेड म्हणतात कारण जुन्या जहाजांवर खलाश्यांची ती सोय अगदी पुढे, जहाजाच्या डोक्याशी असायची. हेडबद्दल स्किपरचा एकच नियम, जे आधी खाल्लेलं नाही ते त्यात टाकायचं नाही. टिश्यूसुद्धा नाही.

आणि मग दोऱ्या. एकेक हातात घेऊन नाव म्हणायला लावलं, डोळे मिटून, कुठल्या क्लचमधून (दोरी पकडून ठेवणारा चिमटा) येते ते चाचपून. मी एकदा चुकून 'ती निळी दोरी' म्हणाले. ते म्हणाले, रात्री निळी कुठली आणि पांढरी कुठली? बोटीवर रोप असा एकच, घंटेचा, बाकी प्रत्येकाला नाव आहे. मला वाटलं हा जरा जुन्या मास्तरांचा हट्ट आहे. तेव्हा वाटलं.

दिवस पहिला

बारा वाजता निघालो. बंदराच्या भिंतीबाहेर पडताक्षणी बोट वेगळ्याच तालावर नाचायला लागली. बेटाच्या पूर्वेच्या अंगाने खाली जाताना वारा एकदम चढतो, उंच बेटांच्या मधून आणि कडेने वारा दाबला जातो म्हणून, मोकळ्या समुद्रावर १५ नॉट असेल तर इथे सहज २५-२८. म्हणून आधीच मेनसेलला दोन रीफ घेऊन ठेवले होते. रीफ घेणं म्हणजे शिडाचा खालचा भाग गुंडाळून शीड लहान करणं. मेनशीट सैल, हॅलयार्ड थोडं खाली, पुढचा कोपरा हुकात अडकवायचा, मागची रीफ लाइन विंचवर ओढून घट्ट, परत हॅलयार्ड वर. सांगायला एक वाक्य, करायला चौघांच्या तोंडाला फेस. खलाशी म्हणतात की रीफ घ्यावा का असा विचार मनात आला ना, तीच रीफ घ्यायची वेळ.

चार वाजेपर्यंत मला मळमळायला लागलं. कान म्हणतात आपण हलतोय, केबिनमध्ये बसलेले डोळे म्हणतात कुठे हलतोय, आणि भांडण पोटात. मेटने काही न बोलता मला व्हीलवर उभं केलं आणि क्षितिज दाखवलं. वीस मिनिटांत फरक पडला, खोटं नाही सांगत, पूर्ण बरी नाही झाले पण माणसात आले. खाली जाऊन मोजे शोधण्याचा हट्ट केला आणि परत सगळं मुसळ केरात.

अंधार पडताना बेटाच्या दक्षिणेला आलो तर वारा गायब. पूर्ण. डोंगराच्या आडोशाला लीमध्ये. लाटा मात्र चालूच, शिडं फट्-फट् आपटतायत, बूम इकडून तिकडे. इंजिन लावून चार तास डिझेलचा वास खात गेलो. पाठीमागे दीपस्तंभ लुकलुकत राहिला आणि कितीतरी वेळ तो मागे जाईचना.

त्या रात्री लॉगबुकमधली माझी पहिली नोंद: 'पुढचं शीड लहान केलं.' स्किपरनी शेजारी पेन्सिलने लिहिलं, 'किती? कधी? कोर्स?'

दिवस दुसरा

दुपारपर्यंत २४ तासांत ११८ मैल. समुद्रावर दिवस बारा ते बारा मोजतात आणि रोज बारा वाजता सगळे चार्ट टेबलाभोवती लग्नाची पत्रिका बघावी तसे जमतात.

नॉट म्हणजे खरोखरच गाठ, हे मला माहीत होतं पण हिशोब माहीत नव्हता. जुन्या काळी लाकडाची फळी दोरीला बांधून मागे सोडायची, फळी पाण्यात जागच्या जागी राहते, जहाज पुढे जातं, दोरी सुटत जाते. तिच्यावर दर ४७ फूट ३ इंचांवर गाठ, आणि हातात २८ सेकंदांचं वाळूचं घड्याळ. वाळू संपेपर्यंत जितक्या गाठी हातातून गेल्या तितके नॉट. तासाला एक सागरी मैल म्हणजे एक नॉट, त्यामुळे 'ताशी अमुक नॉट' म्हटलं की मेटच्या चेहऱ्यावर एक बारीक आठी पडते. आपण 'लेडीज बायका' म्हणावं तसं.

वॉच असे: रात्री आठ ते सकाळी आठ, तीन-तीन तासांचे चार भाग. मेट आठ ते अकरा, मैत्रीण अकरा ते दोन, मी दोन ते पाच, स्किपर पाच ते आठ. पहिल्या दोन रात्री माझ्यासोबत मैत्रीण थांबली, बिचारीची झोप गेली. जुन्या जहाजांवर चार-चार तासांचे वॉच असायचे आणि दर अर्ध्या तासाला वाळूचं घड्याळ उलटताना एकेक घंटा वाढवत जायची, आठ घंटा झाल्या की सुटका. संध्याकाळी चार ते आठचा वॉच मात्र दोन-दोन तासांत तोडायचे, त्याला डॉग वॉच म्हणतात, म्हणजे दिवसाचे वॉच सहाचे सात होतात, विषम आकडा, आणि दोन टोळ्यांपैकी एकीच्याच नशिबात रोज मध्यरात्र येत नाही. किती साधी युक्ती! आमच्याकडे अशी काही युक्ती नव्हती, माझ्या वाट्याला सातही रात्री दोन ते पाच.

वॉचवर काम काय? बघणं. कॉकपिटमध्ये बसून डोळे पाण्यापासून अडीच मीटरवर असतात तेव्हा क्षितिज फक्त तीन-सव्वातीन मैलांवर असतं. समोरून वीस नॉटने येणारं मालवाहू जहाज आणि आपण सहा नॉट, म्हणजे क्षितिजापासून आपल्यापर्यंत सात-आठ मिनिटं. त्याचे दिवे उंचावर म्हणून आधी दिसतात, एआयएसवर (आसपासची जहाजं पडद्यावर दाखवणारी यंत्रणा) त्याहून आधी, पण स्किपरचं म्हणणं, दहा मिनिटांहून जास्त वेळ डोळे खाली नाहीत. दिव्यांची भाषा अशी: पोर्टला लाल, स्टारबोर्डला हिरवा, मागे पांढरा. समोरच्याचा फक्त लाल दिसला तर त्याची डावी बाजू दिसतेय, फक्त हिरवा तर उजवी. दोन्ही एकदम दिसले तर त्याचं तोंड बरोब्बर तुमच्याकडे आहे आणि चहाचा कप खाली ठेवायची वेळ झाली. आणि दिव्याची दिशा कंपासवर बदलत नसेल, पण तो मोठा होत चालला असेल, तर टक्कर ठरलेली.

त्या रात्री ध्रुवतारा मोजला. हात लांब करून मूठ धरली की साधारण दहा अंश. क्षितिजापासून ध्रुवापर्यंत पावणेतीन मुठी. ध्रुवाची उंची म्हणजेच आपला अक्षांश, जवळजवळ.

दिवस तिसरा

१३१ मैल. वारा स्थिर, ईशान्येकडून १८ ते २० नॉट, म्हणजे ब्यूफर्ट ५. फ्रान्सिस ब्यूफर्टने १८०५ मध्ये हे आकडे ठरवले तेव्हा वाऱ्याचा वेग मोजून नाही, तर युद्धनौकेला किती शिडं झेपतात यावरून ठरवले, म्हणजे ० म्हणजे शीड लटकलेलं आणि १२ म्हणजे कुठलंच कापड टिकणार नाही. मला हे फार आवडलं. वारा किती हे नाही, वाऱ्यात काय करायचं हे.

आज मेनसेल एका बाजूला, जिब, म्हणजे पुढचं शीड, पोलवर दुसऱ्या बाजूला, पंख पसरल्यासारखं. फोटोत फार सुंदर. प्रत्यक्षात बोट घड्याळाच्या लंबकासारखी हेलकावते, दिवसरात्र, एक सेकंदही थांबत नाही. तीन दिवस झाले, एकही वस्तू मी ठेवली तिथे राहिलेली नाही. बंकला बाजूने कापडाची लीक्लॉथ बांधून झोळीतल्या बाळासारखं झोपायचं, गॅसची शेगडी गिंबलवर झुलते म्हणून भांडं सरळ राहतं पण आपण तिरके होतो, त्यामुळे कमरेला पट्टा लावून स्वयंपाक. सगळ्यांचं जेवण एकेका खोल वाडग्यात, ताट ही जमिनीवरची चैन आहे. एक हात आपल्यासाठी, एक बोटीसाठी, हा नियम, आणि डाळीचं झाकण काढताना मी तो मोडला. तपशील सांगत नाही, पण दोन दिवस बिल्ज पंपातून (तळात साचलेलं पाणी उपसणारा) हळदीचा वास येत होता.

टाकीत ३८० लिटर गोडं पाणी. आंघोळ समुद्राच्या बादलीने आणि शेवटचा एक मग गोड्याचा. केस धुवायची हिंमत झाली नाही.

दोरखंडांवर आणि शिडाच्या शिवणीत तांबूस धूळ बसलीय. सहाराची. शेकडो मैल आत वाळवंट आणि त्याची माती इथे माझ्या बाहीवर, मिठासोबत.

दिवस चौथा आणि ती रात्र

सकाळी कर्कवृत्त ओलांडलं, २३ अंश २६ मिनिटं. जीपीएसचा आकडा सरकताना बघायला चौघे जमलो आणि अर्थातच काहीही झालं नाही. नून टू नून १३९.

दुपारी मात्र काम निघालं. मागे लावलेलं विंडवेन, म्हणजे वाऱ्यावर चालणारं सुकाणू, वीज न खाता बोट वाऱ्याशी ठरावीक कोनात ठेवतं, त्याची एक कंट्रोल लाइन कप्पीत घासून घासून अर्धी झालेली. चेफ. वादळाच्या गोष्टी सगळे सांगतात पण पाठीशी वारा घेऊन लांब जाणाऱ्या बोटीचा खरा शत्रू हाच, तीच दोरी त्याच जागी हजारो वेळा एक सेंटिमीटर पुढे-मागे. बदलायला दिवसाचा उजेड पाहिजे, मागे लोंबकळून करायचं काम, आणि संध्याकाळ झालेली. ठरलं, आज रात्रभर हाताने स्टिअर करायचं. पोल काढला, जिब बरंचसं गुंडाळलं, मेनला दोन रीफ.

मेनसेल पोर्टला पूर्ण बाहेर सोडलेलं, म्हणजे बूम डावीकडे पाण्यावर आडवी. वारा मागून, किंचित उजवीकडून. बूमच्या टोकाला प्रिव्हेंटर बांधलेला, ही लाइन बूमच्या टोकाकडून पुढे नाळेजवळच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाजवळच्या, कप्पीतून फिरवून परत कॉकपिटमध्ये आणतात, कशासाठी ते आता येईलच. कोर्स कंपासवर २४० अंश. स्किपरनी झोपायला जाताना मला सांगितलं, २४० च्या खाली जाऊ नकोस. २४५ चालेल, २५० चालेल, २२५ चालणार नाही.

दोन वाजता वर आले. मैत्रिणीने व्हील दिलं आणि माझे डोळे अंधाराला सरावेपर्यंत ती कंपॅनियनवेच्या, म्हणजे खाली केबिनमध्ये जाणाऱ्या जिन्याच्या, तोंडाशी बसून राहिली. हवा इतकी मंद वाटत होती. हा पण एक चकवाच आहे, खरा वारा २० नॉट, आपण त्याच्याच दिशेने ६ नॉटने पळतोय, तर अंगाला लागतो तो १४ चाच, अपॅरंट विंड. मागून वारा असताना सगळ्यांना वाटतं किती छान शांत आहे. तीच बोट वाऱ्याकडे वळवा, मग कळतं. ढगांनी तारे झाकलेले, समोर धरायला काही नाही, फक्त कंपासचा लाल उजेड. मागून लाटा येताना आधी एक आवाज येतो, सळसळ, कोणी रेशमी साडी नेसून जिन्यावरून उतरतंय असा, आणि मग बोटीचा मागचा भाग उचलला जातो.

एक आवाज मोठा आला. फार मोठा. आणि मी मागे वळून बघितलं.

नुसती मान नाही, सगळी वळले, एक हात व्हीलवर ठेवून पाठ बोटीच्या तोंडाकडे. लाटेने बोटीचा मागचा भाग उजवीकडे ढकलला, तोंड डावीकडे चाललं, २३५, २३०. मैत्रिणीला शिडाची मागची कड थरथरताना दिसली आणि ती ओरडली, "अगं उजवीकडे! उजवीकडे घे!"

मी घेतलं उजवीकडे. माझ्या.

मी मागे तोंड करून उभी होते. माझं उजवं म्हणजे बोटीचं डावं. व्हील मी बरोब्बर चुकीच्या बाजूला ओढलं, २२०, २१०, वारा शिडाच्या मागच्या बाजूला शिरला आणि एक असा आवाज झाला की मला वाटलं डोलकाठी गेली. जाईब, म्हणजे मागचा वारा शिडाच्या उलट्या बाजूने भरणं. प्रिव्हेंटर ताणून तारेसारखा झाला, त्यातून पाणी पिळून निघालं, पण बूम जागची हलली नाही. शीड उलट्या बाजूने फुगलं, बोट उजवीकडे कलली आणि कललेलीच राहिली, कॉकपिटमधला टॉर्च, कप, माझी पाण्याची बाटली सगळं एका कोपऱ्यात. मैत्रीण परत ओरडली, उजवीकडे, आणि आता तर मला काय ते कळेनाच.

स्किपर कंपॅनियनवेत कमरेपर्यंत वर आले, अंगात फक्त हार्नेस आणि बनियन, आणि एकच शब्द म्हणाले, मोठ्याने पण ओरडून नाही. "स्टारबोर्ड."

ते कळलं. कारण स्टारबोर्ड माझं नाही, बोटीचं आहे. पुढे तोंड करा, मागे करा, उलटं लटका, हिरव्या दिव्याची बाजू ती हिरव्या दिव्याची बाजू. व्हील फिरवलं, बोट हळूहळू, नको-नको म्हणत वळली, २२०, २३०, २४०, शीड थाड्कन परत आपल्या बाजूला भरलं. सगळं मिळून अर्धा-पाऊण मिनिट असेल.

प्रिव्हेंटर नसता तर ती बूम एका बाजूच्या टोकापासून दुसऱ्या बाजूच्या टोकापर्यंत वाऱ्याच्या सगळ्या ताकदीने आली असती, आणि मी वळून उभी होते ते नेमकं तिच्या वाटेत होतं की नाही हे मी दुसऱ्या दिवशी मोजायला गेले आणि मेटने सांगितलं, नको मोजूस.

स्किपर रागावले नाहीत. टॉर्चने प्रिव्हेंटर, बूमचं टोक, शिडाची शिवण सगळं तपासलं. मग म्हणाले, "मागची लाट बघून तू काय करणार होतीस?" उत्तर नव्हतं. पाच वाजेपर्यंत ते माझ्याशेजारी बसून राहिले आणि व्हील मात्र माझ्याच हातात ठेवलं. मैत्रीण रडवेली झाली होती, म्हणाली, "अगं, तोंडातून मराठीच आलं ना." घाबरल्यावर दुसरं काय येणार! तिची काय चूक.

स्टारबोर्ड हा शब्द आला स्टिअर करायच्या वल्ह्यावरून, जुन्या बोटींना सुकाणू मागे मधोमध नसायचं, उजव्या बाजूला मोठं वल्हं असायचं. ते धक्क्याला आपटून मोडू नये म्हणून बोट डाव्या बाजूने बंदराला लावायची, म्हणून डावी बाजू पोर्ट. आधी डावीला लारबोर्ड म्हणायचे. लारबोर्ड, स्टारबोर्ड. वाऱ्यात ओरडून बघा, काही फरक कळतो का. ब्रिटिश नौदलाने १८४४ मध्ये हुकूम काढून लारबोर्ड बंद केलं. हे सगळं वहीत होतं माझ्या, पहिल्याच पानावर, गंमत म्हणून लिहिलेलं.

दिवस पाचवा

१३४ मैल. सकाळी मेटने मागे लोंबकळून नवी लाइन ओवली, दोन टेदर (बोटीला बांधून ठेवणारे पट्टे) लावून, आणि मी त्याच्या पट्ट्याला धरून बसले. चाळीस मिनिटं. लाइनच्या टोकाला बोलाइन गाठ, जी कितीही ताण आला तरी आवळत नाही आणि नंतर सुटते. ही गाठ मला येते, पाठीमागे हात बांधून येते, तेवढं एक तरी.

दुपारी स्किपरनी सेक्स्टंट काढला. मध्यान्हाला सूर्य सर्वांत वर चढून थांबतो, आरशातून त्याला खाली आणून क्षितिजावर टेकवायचा आणि कोन वाचायचा. इथे आम्ही २१ अंश पश्चिमेला, त्यामुळे मध्यान्ह यूटीसीप्रमाणे (जागतिक प्रमाणवेळ) सव्वाएकच्या आसपास. ९० मधून कोन वजा, आणि नोव्हेंबरअखेर सूर्य विषुववृत्ताच्या खाली २१ अंशांच्या जवळ असतो, तेवढं त्यातून वजा, झाला अक्षांश. हेलकावणाऱ्या डेकवर सूर्याला पाण्यावर टेकवणं म्हणजे धावत्या बसमधून सुईत दोरा. माझं उत्तर जीपीएसपेक्षा ७ मिनिटांनी चुकलं. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर, त्यामुळे चूक लगेच मैलातच कळते: मी आम्हाला सात मैल उत्तरेला नेऊन ठेवलं होतं. स्किपर म्हणाले पहिल्यांदा ठीक आहे. मला दहावीच्या निकालाइतका आनंद झाला.

दुपारनंतर गाढ झोपले. जाग आली ती हाकेने: "डॉल्फिन!" मी लीक्लॉथमध्ये पाय अडकून पडले तोवर गेले.

दिवस सहावा

वारा नाही. म्हणजे आहे, आठ नॉट, पण लाटा जुन्याच, त्यामुळे शीड भरतं, सांडतं, भरतं, सांडतं, आणि दर सांडण्याला सगळी बोट खडखडते. वादळात माणसं चांगली वागतात, अशा दिवशी नाही. मेट आणि मैत्रीण कपावरून भांडले. कप कोणी विसळला नाही, खरं म्हणजे मी. बोलले नाही.

रात्री उडते मासे डेकवर पडतात, सकाळी एक माझ्या बुटात निघाला, पंख पारदर्शक, पावसाळी फुलपाखरासारखे, डोळे मोठे आणि आश्चर्यचकित. बुटाला अजून वास आहे. १२६ मैल, त्यातले बरेच रात्रीचे.

दिवस सातवा

१३८. वारा परत आला. लिहिण्यासारखं काही घडलं नाही, आणि मला कळलं की मला हेच हवंय. वॉच, झोप, वॉच. प्रिव्हेंटर बांधताना मी आपणहून म्हणाले "प्रिव्हेंटर ऑन, बूम पोर्ट", मेट म्हणाला "ओके", एवढंच.

उद्या पहाटे अंधारात पोचू असं गणित निघालं, म्हणून संध्याकाळी शीड लहान करून मुद्दाम वेग कमी केला. अनोळखी बंदरात रात्री शिरायचं नाही. एवढे दिवस पोचायची घाई आणि आता ब्रेक.

रात्री ध्रुव मोजला. पावणेदोन मुठी. लहानपणापासून ऐकतेय ध्रुव अढळ, ध्रुव अढळ. अढळ आहे खरा, पण त्याच्या पायाखालून आपण निघून गेलो की तोही समुद्रात उतरतो, एका आठवड्यात मुठीभर.

दिवस आठवा

पहाटे डावीकडे साव व्हिसेंट, उजवीकडे सांतो आंताव, दोन्ही बेटं धुळीतून एकदम उगवल्यासारखी, आधी काहीच नाही आणि मग हे एवढे मोठे डोंगर. दोघांच्या मधल्या खाडीत वारा परत चढला, २८, ३०, पहिल्या दिवशीसारखाच, फक्त मी पहिल्या दिवसाची नव्हते. रीफ आधीच घेतला होता, मी सुचवल्यावर. हे मुद्दाम लिहितेय.

मिंडेलोच्या उपसागरात शिरल्यावर आठ दिवसांत पहिल्यांदा बोट सरळ उभी राहिली. पिवळा क्यू झेंडा चढवला, म्हणजे परदेशातून आलोय, सगळे ठीक आहेत, आत यायची परवानगी द्या. नांगराला जागा शोधली, ६ मीटर पाणी, नाळेची उंची धरून ७, त्याच्या पाचपट म्हणजे ३५ मीटर साखळी. मी पुढे उभी राहून साखळीवरच्या खुणा मोजत होते. स्किपरनी हळूच रिव्हर्स घेतला, साखळी ताणली, किंचित थरथरली आणि थांबली. किनाऱ्यावरचा एक खांब आणि त्याच्या मागचं घर एका रेषेत धरून दहा मिनिटं बघत बसलो, रेष मोडली नाही. धरलंय.

इंजिन बंद. इतकी शांतता की कानात दडे बसल्यासारखं. मैत्रीण तिथेच डेकवर झोपली, हार्नेस घालून.

मला लॉगबुक दिलं. जीपीएसप्रमाणे ८७० मैल, बोटीच्या तळाच्या लॉगप्रमाणे (पाण्यातून कापलेलं अंतर मोजणारं यंत्र) ८५१, म्हणजे १९ मैल आम्ही काही न करता आलो, कॅनरी करंटने आणून सोडलं. इंजिन नऊ तास. चेफ: एक लाइन, बदलली. जाईब: एक, नको असलेली. मग खाली लिहिलं: ०९४०, अँकर डाऊन, ६ मीटर, साखळी ३५, मेनसेल खाली, मेनशीट घट्ट. शीट. बरोबर लिहिलं, दोनदा बघितलं.

स्किपरनी चष्मा लावून वाचलं, पानभर, सावकाश. मग पेन्सिल माझ्याकडे सरकवली.

"इथली घड्याळं एक तास मागे आहेत," ते म्हणाले, "वेळ यूटीसीत लिही."

०९४० खोडून १०४० केलं.